सदतीस नंबरचा विकेटकीपर

"हात खाली घ्या पाव्हणं, मोबाईल खाली घ्या! आन तोंड मिटा आधी!"

हा आवाज घोडेगावच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या हेड्याचा. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. जनावरांशी बोलून बोलून त्याचा गळा असा झाला होता, की दावणीच्या चाळीस म्हशींनी एकदम रवंथ थांबवला, आणि पलीकडे तासाभरापासून टेम्पोत चढायला नकार देणारी एक पारडी मुकाट्यानं चढून बसली. मी मात्र मोबाईल तसाच डोक्यावर धरून उभा. पडद्यावर एक भाव होता, आणि तो मी नुकताच भर बाजारात, खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता.

आता घोडेगावात तोंडानं भाव बोलणं म्हणजे काय, ते समजून घ्या. तिथं घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि खालून बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, बाकीचं समोरचं जनावर बघून समजायचं. शेजारी उभ्या सख्ख्या भावालासुद्धा आकडा कळत नाही. अशा जागी मी भाव ओरडलो. अंतरपाट धरायच्या आधीच अक्षता टाकून पंगतीला बसावं, त्यातला प्रकार.

त्यातून मी म्हैस घ्यायला गेलोच नव्हतो. मला हवा होता त्या हेड्याच्या चष्म्याच्या डबीत बसलेला एक विकेटकीपर.

सांगतो. सरळच सांगतो. माझ्या हातून मीठ जरा जास्त पडतं, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही शाळेत होतो तेव्हा बबलगमच्या पुडीत क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. एकूण बावन्न. त्यांच्यापायी मी इतकं बबलगम चघळलं, की माझ्या चार दाढा त्यात गेल्या, आणि शेवगावातल्या दातांच्या डॉक्टरांनी जो बंगला बांधला, त्याचा एक मजला न्यायानं माझा आहे. बाकीची पोरं मोठी झाली, कुणी नोकरीला लागलं, कुणी सरपंच झालं. मी कार्डं सोडली नाहीत. आज माझ्याकडे एक्कावन्न आहेत, प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या फायलीत, नंबरवार. छत्तीसनंतर एक कप्पा रिकामा, मग अडतीस.

सदतीस नंबरचा तो एका परदेशी संघाचा विकेटकीपर. दोन्ही हातमोजे पुढं पसरलेले, जीभ किंचित बाहेर. त्या काळी त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. प्रत्येक पुडीत तोच निघायचा. पोरांनी त्याची विमानं केली, शेंगदाण्याच्या पुड्या केल्या. माझ्याकडे स्वतःचे तीन होते. तिन्ही मी सायकलच्या आऱ्यांत अडकवले, फटफटीसारखा आवाज येतो म्हणून. शेवगाव ते पाथर्डी फाटा, टर्रर्र करत. आवाज पार भंडारदऱ्यापर्यंत जात असेल. महिनाभरात तिन्ही विकेटकीपरांचा भुगा झाला, आणि मग तीस वर्षं मी त्या भुग्याला शोधत फिरलो.

शोधायची साधनं आता लई झाली आहेत. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मी जगातल्या सगळ्या कार्डवाल्या साईटी पालथ्या घातल्या. त्यातली माझी लाडकी होती झालेल्या विक्रीची साईट. तिथं कार्डाचं नाव टाकलं, की ते आजवर कुठं, कितीला विकलं गेलं, हे दिसतं. लक्षात घ्या, कितीला मागितलं ते नव्हे. मागायला काय, कोणी कागदाच्या तुकड्याचे लाख मागतो. खरा भाव तो, ज्याला कोणीतरी खिशात हात घातला. हे तत्त्व मी शेवगावातल्या इतक्या लोकांना समजावलंय, की हल्ली माझ्या दुकानात फक्त घाईतलंच गिऱ्हाईक येतं. दुसरं एक साधन होतं फोटोवरून ओळखणारं. कार्डासमोर कॅमेरा धरायचा, ते सांगतं हे काय आहे. माझ्या चौदा नंबरच्या डावखुऱ्या गोलंदाजाला ते पहिल्यांदा आधार कार्ड म्हणालं आणि दुसऱ्यांदा काडेपेटी.

आमच्या घरात दुसरी एक संशोधक आहे, ती माझी बायको. तिच्या शेळ्या आहेत, दोन म्हशी आहेत आणि एक व्हिडिओ चॅनल आहे. म्हैस कशी घ्यावी, कास कशी बघावी, दातावरून वय कसं ओळखावं, असं सगळं. तिचे वडील याच धंद्यातले, घोडेगावच्या बाजारात आयुष्य काढलेले. मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा तिनं मला दोनदा हसवलं होतं. ते दात बघायला होतं, असा मला आजही दाट संशय आहे.

तिची साधनं वेगळी. त्यात चार शब्द टाकायचे, की ते सांगतं, हे शब्द महिन्याला किती लोक शोधतात, त्यावर आधीच किती व्हिडिओ आहेत, आणि आपण केला तर चालेल का. शंभरपैकी गुण देतं. हिरवा, पिवळा, लाल. 'मुऱ्हा म्हैस' टाकलं तर लाल. सगळ्या महाराष्ट्रानं तेच केलेलं. 'म्हशीचे दात कसे बघायचे' टाकलं तर हिरवंगार.

कुठलं साधन चांगलं, यावरून आमच्या घरात जे झालं, त्याला भांडण म्हणणं म्हणजे मुळा धरणाला डबकं म्हणण्यासारखं आहे. तिचं म्हणणं, तुमची साईट म्हणजे झालेल्या सौद्यांचं वर्षश्राद्ध; मेलेल्या माणसाला पिंड, त्यानं पोट कोणाचं भरतं? माझं म्हणणं, तुझं साधन म्हणजे न जन्मलेल्या व्हिडिओचं बारसं. लोक शोधतात म्हणून ते घेतात असं नाही, आपल्याच आळीत निम्मे लोक रोज विमानाची तिकिटं शोधतात आणि एसटीनं नगरला जातात. दोन्ही साधनं फुकटात दिवसाला तीनच शोध देत. पैसेवाला प्लॅन एकाचाच घ्यायचा, यावर आमचं एकमत होतं; कोणाचा, यावर नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी खोटेनाटे ईमेल काढून शोध वाढवले. माझी आजी आज एका साईटीवर कार्डसंग्राहक म्हणून नोंदलेली आहे. ती जाऊन अकरा वर्षं झाली. आजही आमच्याकडे दोन्ही फुकटवालेच आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी जिंकलं का म्हणून वाट बघत बसू नका.

एकदा आम्ही साधनांची अदलाबदलही केली. तिनं माझ्या विक्रीवाल्या साईटीवर 'मुऱ्हा, दुसरं वेत' टाकलं, म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली. साईटीनं तिला चिनी मातीची एक म्हैस दाखवली, भाव डॉलरमध्ये, पोस्टेज वेगळं. तिनं ती म्हैस बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, कासेला ठीक आहे. मी तिच्या साधनात सदतीस नंबरच्या विकेटकीपरचं नाव टाकलं. उत्तर आलं, महिन्याला शोधणारे दहापेक्षा कमी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, म्हणजे आणखी कोणीतरी आहे. ती म्हणाली, अहो, ते सगळे तुम्हीच आहात.

विकेटकीपर सापडला तो मात्र तिच्या साधनामुळे, हे कबूल केलं नाही तर मला या घरात जेवण मिळणार नाही. त्या हिरव्या गुणांच्या जोरावर तिनं घोडेगावला जाऊन दातांचा व्हिडिओ काढला. त्यात हा म्हातारा हेडी म्हशीचा ओठ वर करून दात दाखवतो. त्याआधी तो अंगातल्या कोपरीच्या खिशातून चष्म्याची डबी काढतो, उघडतो आणि चष्मा डोळ्यांवर चढवतो. मी तो व्हिडिओ दुकानात बघत होतो, खरं सांगायचं तर तिनं हजेरी घेऊ नये म्हणून बघत होतो. डबी उघडली त्या क्षणी झाकणाच्या आतल्या बाजूला मला दोन हातमोजे दिसले.

मी व्हिडिओ थांबवला, मागं घेतला, पुन्हा थांबवला. असं मी दीडदोनशे वेळा केलं. पुढं आठवडाभर तिचं साधन तिला सांगत होतं, तुमच्या व्हिडिओतला अमुक इतक्या मिनिटांवरचा भाग प्रेक्षक परत परत बघतात, तसले आणखी करा. तिनं भाबडेपणानं चष्म्याच्या डब्यांवर व्हिडिओ करायचं चालवलं होतं.

तर पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं घोडेगावात. जाताना मी माझी तयारी करून गेलो होतो. विक्रीच्या साईटीवर सदतीस नंबरची अख्ख्या जगात एकच विक्री नोंदलेली होती, तीनशे साठ रुपयांना. मला वाटलं, हा माझा हुकमाचा एक्का. म्हाताऱ्यानं हजारात तोंड उघडलं, की त्याच्या नाकासमोर धरायचा. बघा तात्या, जगात याची किंमत तीनशे साठच आहे.

पण म्हातारा तोंडच उघडेना. मी कार्डाचं विचारलं, त्यानं डबी उघडून दाखवली, आणि म्हशीकडे वळला. मी थोडा घाईला आलो. मोबाईल वर केला आणि म्हणालो, तीनशे साठ. जरा मोठ्यानं म्हणालो. आवाज माझा तसा मवाळ आहे, पण त्या दिवशी तो घोडेगावच्या चारही वेशींना टेकून परत आला.

तिथंच ते ओरडणं झालं, आणि मी तोंड मिटलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी स्वस्ताईचा पुरावा म्हणून जो आकडा सांगितला, तो बाजारानं महागाईचा म्हणून ऐकला. बोटाएवढ्या पुठ्ठ्याला तीनशे साठ. दावणी सोडून माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, माझ्याकडं आख्खं रेशनकार्ड हाय, घरातल्या सात मानसांच्या नावासकट, त्याचं काय देता. दुसऱ्यानं आपलं ड्रायव्हिंग लायसन काढून माझ्या हातात दिलं आणि कोपरे बघायला सांगितलं. मी सवयीनं बघितलेही.

कोपऱ्यांवरून आठवलं. आमच्या छंदात कार्डाची प्रत ठरवायला कोपरे, कडा, पृष्ठभाग सगळं तपासतात, दहापैकी गुण देतात. मी धीर करून म्हाताऱ्याच्या कार्डाचे दोष काढायला लागलो. वरचा डावा कोपरा कापलेला आहे, मागं तेलाचा डाग आहे, तात्या, याला दहात दोन मिळतील. म्हातारा आयुष्यभर लोकांनी त्याच्या म्हशींचे काढलेले दोष ऐकत आला होता. मोडकं शिंग, आखूड शेपूट, आटलेला सड. त्यानं मान हलवली.

"कोपरा कापला म्हनून दूध कमी देत न्हाई ते."

गर्दी खूश. माझ्या साईटीचं तिथंच मातेरं झालं. मग बायको पुढं सरली. तिनं पदर खोचला, मोबाईल काढला आणि त्याला 'मामा' म्हणून हाक मारली. वडिलांच्या बाजारातला माणूस, तेव्हा मामाच. तिनं शांतपणे मांडणी केली. मामा, हे बघा, ह्या कार्डाला महिन्याभरात सगळ्या दुनियेत दहापेक्षा कमी मानसं शोधतात, आन त्यातले नऊ आमचे हेच हायेत. गिऱ्हाईकच नाही तर भाव कुठला? मला तिचा अभिमान वाटला. आकडा असा वापरायचा असतो, हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं तिचा मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला.

"म्हंजे गिऱ्हाईक येकच हाय," तो म्हणाला. "आन ते येवडं तापल्यालं हाय. मग भाव उतरतो का चढतो, लेकी?"

तिनं मोबाईल पिशवीत टाकला. वादात तिनं माघार घेण्याचा हा आमच्या संसारातला पहिला प्रसंग; मी तो डोळे भरून बघून घेतला, काही झालं तरी घरी गेल्यावर उपयोगी पडणारा होता.

मी मधल्या वेळात दुसरी वाट काढली. तात्यांना विचारलं, हे कार्ड आलं कुठून आणि डबीत काय करतंय? कळलं ते असं: फार वर्षांपूर्वी पेंडीच्या पोत्यात सापडलं, पोराबाळांच्या हातून पडलेलं असेल. डबीच्या झाकणात आतून एक खिळा वर आला होता, तो चष्म्याच्या काचेला ओरखडे पाडायचा, म्हणून कोपरा कापून आत बसवलं. माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! मी झेरॉक्सवाला माणूस. म्हणालो, याच मापाचं दुसरं देतो, लॅमिनेट करून, जन्मभर फाटणार नाही, हवं तर त्यावर गणपती छापून देतो.

म्हाताऱ्यानं डबी पुन्हा उघडली आणि माझ्यासमोर धरली.

"ह्यो बघा कसा हुबा हाय. रोज सकाळी डबी उघाडली की ह्यो हात पसरून तयार. म्हनतो, टाक. गनपती कुठं म्हनतोय टाक?"

शहाण्या माणसानं इथंच घरची वाट धरली असती. पण मी शहाणा असतो तर सदतीस नंबर सायकलच्या चाकात घातला असता का? मला वाटलं, ही माल चढवायची तऱ्हा आहे. बायकोलाही तेच वाटलं, आणि ती तर बाजारातच वाढलेली. बाजारात आणलेली वस्तू विकाऊच असणार, हे आमच्या दोघांच्या हाडात इतकं मुरलेलं, की गोठ्यात बांधलेलं दावं असो की डोक्यावरची टोपी, आम्ही भावाचंच बोलणार.

म्हणून तिनं हात पुढं केला.

बाजारात बाई सौदा करत नाही असं नाही, पण उपरण्याखाली हात घालणाऱ्या बायका मी तरी पाहिलेल्या नव्हत्या. गर्दी जरा पुढं सरकली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. कोणाची लेक, ते त्याला ठाऊकच होतं. त्यानं उपरणं खांद्यावरून काढलं, झटकलं, दोघांच्या हातांवर टाकलं.

पुढं जे झालं ते बाहेरून दिसायला काहीच नव्हतं. दोन माणसं एकमेकांचा हात धरून म्हशींकडे बघत उभी. उपरणं मधूनच हलायचं, आत मुंगूस सोडल्यासारखं. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मी तो वीस वर्षं वाचतोय आणि अजून धडा पहिलाच चालू आहे. एकदा तिची भुवई हलली. एकदा म्हातारा खोकला. चहा आला, दोघांनी डाव्या हातानं प्याला, उजवे आतच. ऊन एका म्हशीवरून दुसरीवर गेलं. मी मनातल्या मनात फाईल उघडून सदतीसच्या कप्प्यात बोट घालून ठेवलं होतं. खोटं सांगत नाही, माझ्या तोंडाला तीस वर्षांपूर्वीच्या बबलगमची चव आली. गर्दीतल्या रेशनकार्डवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा.

चांगला तासभर गेल्यावर म्हाताऱ्यानं हात काढून घेतला. उपरण्याची घडी केली, खांद्यावर टाकली. चष्मा काढून पुसला, डबीत ठेवला. विकेटकीपरवर झाकण पडलं. डबी कोपरीत गेली. आणि तो एका गिऱ्हाइकाला म्हशीची कास दाखवायला वळला, जणू आम्ही कधी आलोच नव्हतो.

मी बायकोला बाजूला घेतलं. काय झालं? ती हाताची बोटं चोळत होती. म्हणाली, मी जे बोट दाबायचे, त्याच्या वर हे एक दाबायचे. पाच म्हणलं की सहा. सहा म्हणलं की सात. चिडले नाहीत, झिडकारलं नाही, हात सोडला नाही. उलट मजेत होते. शेवटी मी कुठपर्यंत गेले ते तुम्हाला सांगत नाही, तुमचं बीपी आहे. तिथंही त्यांनी एक जास्तच दाबलं.

असं कुठं असतं का? माझ्यातला झेरॉक्सवाला, संग्राहक, नवरा, सगळे एकदम जागे झाले. मी गर्दीतून वाट काढत, एका रेड्याला वळसा घालून म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. आवाज या खेपेला खाली ठेवला. म्हणालो, तात्या, तुम्ही मोठे आहात म्हणून विचारतो. द्यायचंच नव्हतं तर बाईमाणसाचा हात तासभर धरून कशाला ठेवलात? भाव तरी कशाला चढवत होतात?

म्हाताऱ्यानं म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"हात दिला, म्हनून धरला. विकायचं हाय का, हे इचारलं कुठं तुमी."